डिस्ट्रिक्ट : जिल्हा कीं मुलूख?

‘डिस्ट्रिक्ट म्हणजे जिल्हा’ असें मीं पुष्कळ वर्षें मुलांकडून घोकून घेतलें. पुढें एका धड्यांत ‘लेक डिस्ट्रिक्ट’ आला. “गुरुजी, तेथील कलेक्टर कोठें बसतो?” एका मुलानें विचारलें. मी थांबलों. तो तर इंग्लंडांतील सरोवरांचा मुलूख! मूळ लॅटिन शब्दांत सत्तेखालीं आवळून धरण्याचा भाव आहे. परंतु प्रचारांत तो नुसत्या मुलखासहि लागतो.

आमच्या वाशीमनें हे दोन्ही अर्थ अनुभविले आहेत. १८५३ सालीं निजामानें इंग्रजांकडे सोंपविलेल्या वऱ्हाडास ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ म्हणत. त्यांतील वाशीम जिल्हा १९०५ सालीं मोडला. वाशीम व मंगरूळ हे तालुके अकोल्यास गेले, पुसद यवतमाळास. माझ्या बाळपणीं जिल्हा-कचेरीचें काम निघालें कीं वडील अकोल्याची वाट धरीत. १ जुलै १९९८ रोजीं वाशीम पुन्हां जिल्हा झाला, पण पुसदवांचून.

हुकुमानें जिल्हा मोडतो आणि जुळतो. मुलूख मात्र जागींच असतो. त्या मुलाच्या प्रश्नानें मला हा भेद शिकविला. शब्दाचा एकच अर्थ पाठ करविणारा मास्तर अर्धेंच शिकवितो.