मालपासेनंतरची खडकमोजणी

कमानी धरण पाण्याचा रेटा मुख्यतः दोन्ही तीरांच्या खडकांवर सोपवते, म्हणून भाराखाली तो खडक किती दबेल हे ठाऊक असल्याखेरीज कमानीतील ताणांचे गणित पुरे होत नाही. दाब आणि त्यामुळे होणारे आकुंचन यांचे गुणोत्तर म्हणजे विरूपण गुणांक. तो गिगापास्कलमध्ये मांडतात. प्रयोगशाळेतील अखंड नमुन्यावरून काढलेला गुणांक सहसा फार मोठा येतो, कारण डोंगराला खऱ्या अर्थाने मऊ करणारे सांधे, भेगा आणि मातीने भरलेल्या फटी त्या लहानशा नमुन्यात सापडतच नाहीत.

२ डिसेंबर १९५९ च्या रात्री दक्षिण फ्रान्समधील रेराँ नदीवरचे, आंद्रे क्वान यांनी रचलेले मालपासे धरण पहिल्यांदाच काठोकाठ भरत असताना फुटले आणि फ्रेज्यूस परिसरात चारशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. काँक्रीट सदोष नव्हते. डाव्या तीरावरचा नाइस खडक (पट्टेदार रूपांतरित खडक) सरकला होता. तेथील खडक अतिशय दबणारा असल्याचे नंतरच्या चाचण्यांत आढळले, आणि कमानीच्या रेट्याने फटी मिटून पाण्याची वाट अडल्यामुळे आत दाब साठला, असा उलगडा पुढील अभ्यासकांनी केला.

१९६२ मध्ये साल्झबुर्ग येथे लिओपोल्ड म्यूलर यांच्या पुढाकाराने खडकांच्या यांत्रिकीची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. डोंगरात आडवे भुयार खोदून त्याच्या भिंती जॅकने दाबण्याची चाचणी विश्वासार्ह असली, तरी खर्चिक आणि वेळखाऊ होती. म्हणून बिएनियाव्स्की यांनी १९७३ मध्ये खडकाची ताकद, सांध्यांतील अंतर व स्थिती, भूजल इत्यादींना गुण देऊन शंभरपैकी बेरीज करणारी पद्धत मांडली, आणि १९७८ मध्ये या गुणांच्या दुपटीतून शंभर वजा करून गुणांक काढण्याचे सूत्र दिले. मात्र पन्नासाखालच्या खडकांना ते ऋण उत्तर देई, म्हणजे जेथे भय अधिक तेथेच निरुपयोगी ठरे. ही उणीव सेराफिम आणि परेरा यांच्या १९८३ च्या घातांकी सूत्राने भरून काढली. त्यानुसार तीस गुणांच्या खडकाचा गुणांक सुमारे ३.२ गिगापास्कल येतो. तथापि, त्याच सूत्रात दहा गुणांच्या फरकाने उत्तर जवळजवळ १.८ पट बदलते, आणि एकाच खडकाकडे पाहणाऱ्या दोन अनुभवी भूवैज्ञानिकांत एवढा मतभेद अशक्य नाही. म्हणूनच मोठ्या धरणांच्या पायासाठी अशा सूत्रांच्या जोडीला भुयारातील जॅकची चाचणी आजही घ्यावी लागते.