शून्याचा मानकरी : गोलकीपर ब्रह्मानंद शंखवाळकर

ट्रेनमध्ये असाल, तर इअरफोन नीट लावा. विरार फास्टमध्ये उभं राहायला जागा मिळाली असेल, तर तेही नशीबच म्हणायचं. आज आपण फुटबॉलमधल्या सगळ्यात एकट्या माणसाबद्दल बोलणार आहोत. गोलकीपरबद्दल.

क्रिकेटमध्ये शून्यावर आऊट होणं म्हणजे नामुष्की. गोलकीपरचं मात्र उलटं. मॅच संपली आणि समोरच्या टीमच्या नावापुढे शून्य असलं की समजायचं, गड्याने काम चोख केलं. अडचण एकच. गोल मारणाऱ्याचं नाव स्कोअरशीटवर चढतं. अडवलेल्या गोलाची नोंद तिथे होत नाही.

असं शून्य वर्षानुवर्षं कमावणारा माणूस आपल्या शेजारीच होऊन गेला. गोव्यात. ब्रह्मानंद शंखवाळकर.

त्याआधी वसईकरांसाठी एक गोष्ट. आपल्याकडे कुणीतरी हमखास म्हणतं, "फुटबॉल काय, पोर्तुगीजांनीच आणला." जरा तारखा बघूया. चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला घेतला १७३९ मध्ये. फुटबॉलचे नियम लंडनमध्ये लिहिले गेले १८६३ मध्ये. म्हणजे पोर्तुगीज इथून गेले, तेव्हा आजचा फुटबॉल जन्मलाही नव्हता. गोव्यात पोर्तुगीज राहिले, पण तिथेही या खेळाची सुरुवात केल्याचं श्रेय देतात ते एका ब्रिटिश पाद्रीला, फादर विल्यम लायन्स यांना. १८८३ मध्ये, शिवोलीला. भात कापून झालं की मोकळ्या शेतात पोरं खेळायची, आणि खेळ गावोगाव पसरला.

शंखवाळकर यांचा जन्म १९५४ चा, पणजीजवळच्या ताळगावचा. तेव्हा गोवा पोर्तुगीजांकडे होता. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, तेव्हा ते सात वर्षांचे होते. म्हणजे जो देश पुढे त्यांच्या खांद्यावर गोलपोस्ट सोपवणार होता, त्या देशात ते सातव्या वर्षी आले!

सुरुवातीचा क्लब होता पनवेल स्पोर्ट्स क्लब. हे आपलं पनवेल नव्हे बरं का, गोव्यातलंच. मग १९७० च्या दशकात ते साळगावकर क्लबमध्ये गेले आणि तिथेच रमले. तेव्हा गोव्याचा फुटबॉल खाण कंपन्यांच्या जिवावर उभा होता. साळगावकर, धेंपो, सेसा ही नावं लोहखनिजाच्या धंद्यातली आणि हीच नावं जर्सीवर. मांडवीतून खनिजाचे बार्ज जायचे आणि त्या पैशातून पोरांना बूट मिळायचे.

सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून १९८६ पर्यंत ते भारताकडून खेळले. १९८३ ते ८६ या काळात कॅप्टनही होते. गोलकीपर कॅप्टन असणं सोपं नाही हं. टीम पुढे धावत असते आणि तुम्ही मागे एकटे उभे. पण अख्खं मैदान दिसतं ते फक्त तुम्हालाच. म्हणून ओरडायचं, डिफेन्स लावायचा, कोण मोकळा सुटलाय ते सांगायचं. अर्धी कीपिंग तोंडाने होते!

आता संतोष ट्रॉफी. १९८३ मध्ये कोलकात्यात गोवा आणि बंगाल संयुक्त विजेते ठरले. बंगालच्या घरात जाऊन ट्रॉफी वाटून घेणं हे तेव्हा केवढं मोठं होतं, ते जुन्या माणसांना विचारा. पुढच्या वर्षी, १९८४ मध्ये, मद्रासला गोव्याने फायनलमध्ये पंजाबला १-० ने हरवलं. त्या अख्ख्या स्पर्धेत गोव्याने एकही गोल खाल्ला नाही. एकही! गोलपोस्टमध्ये कोण होतं, ते वेगळं सांगायला नको.

त्यांच्या काळातला खेळही वेगळा होता. तेव्हा आपल्याच डिफेंडरने पायाने मागे दिलेला बॉल कीपर हाताने उचलू शकायचा. १-० पुढे असलात की बॉल मागे द्या, उचला, वेळ काढा. १९९० च्या वर्ल्ड कपमध्ये या रटाळपणाचा कहर झाला आणि १९९२ मध्ये नियम बदलला. तेव्हापासून कीपरला पायही चांगला लागतो. शंखवाळकर यांची पिढी ही हातांच्या जोरावर मोठी झालेली शेवटची पिढी.

आता बक्षिसांचा हिशोब. भारतासाठी खेळणं थांबलं १९८६ मध्ये. अर्जुन पुरस्कार मिळाला १९९७ मध्ये. पद्मश्री २०२२ मध्ये. म्हणजे ३६ वर्षांनी! उशीर का झाला, याची कारणं अनेक असतील. मला त्यातलं एक स्पष्ट दिसतं. गोल पुन्हा पुन्हा दाखवला जातो. न झालेला गोल कोण दाखवणार? तो फक्त बघणाऱ्याच्या आठवणीत राहतो आणि आठवणी माणसांबरोबर जातात.

क्लबांचंही तसंच झालं. २०१६ मध्ये साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग हे गोव्याचे तीन क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. ज्या नावांसाठी लोक कामधंदा टाकून मैदानावर जायचे, ती नावं आजच्या पोरांना ठाऊकही नसतात.

म्हणून एक काम सांगतो. वसईतही गावागावांत, चर्चच्या पटांगणात, शाळांच्या मैदानांवर कुणीतरी वर्षानुवर्षं गोलपोस्टमध्ये उभं राहिलंय. कुणाचे काका, कुणाचे आजोबा. बोटं वाकडी झालेली असतील, गुडघे कुरकुरत असतील. फोन तुमच्या हातात आहेच. समोर बसा, रेकॉर्डिंग सुरू करा आणि विचारा, "तुम्ही अडवलेला सगळ्यात भारी गोल कोणता?"

स्कोअरशीटवर जे नाही, ते एवढ्याने तरी राहील. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.