मुखवटा आणि संगत

आंतरजालावरील चर्चामंडळांत माणसे एकमेकांवर इतकी का तुटून पडतात, या प्रश्नाचे एक ठरीव उत्तर आपण नेहमी ऐकतो: नाव झाकता येते, म्हणून जीभ सुटते. यात तथ्य नाही असे नव्हे. परंतु एवढ्याने भागते काय, हे इतिहासालाच विचारून पाहू.

दक्षिण कोरियाने हा प्रयोग साऱ्या देशावर केला. मोठ्या संकेतस्थळांवर मत नोंदवण्यापूर्वी प्रत्येकाने आपली खरी ओळख पटवावी, असा कायदा तेथे २००७ साली अमलात आला. टोपणनावाने लिहिता येई; पण मागे खऱ्या नावाची नोंद असे. २३ ऑगस्ट २०१२ रोजी तेथील घटना-न्यायालयाने हा कायदा एकमताने रद्द केला. बेकायदा मजकूर त्यामुळे लक्षणीय घटल्याचे दिसत नाही, हे त्याचे एक कारण होते.

आणखी मागे जाऊ. १९८० साली अमेरिकेतील विद्यापीठांत 'यूजनेट' ही चर्चेची व्यवस्था सुरू झाली. दर सप्टेंबरात नवे विद्यार्थी येत, वाटेल तसे लिहीत. जुनी मंडळी त्यांना रीत शिकवीत आणि काही आठवड्यांत ते रुळत. १९९३-९४ च्या सुमारास व्यापारी कंपन्यांनी आपल्या असंख्य ग्राहकांना हे दार उघडून दिले. मग येणाऱ्यांचा लोंढा बारमाही झाला आणि शिकवणारे थोडे पडले. जुने लोक त्या काळास 'न संपणारा सप्टेंबर' म्हणू लागले.

२०१७ साली स्टॅनफर्ड व कॉर्नेल येथील संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. मन शांत आणि आधीचे अभिप्राय सभ्य असता लोकांचे शेकडा ३५ अभिप्राय उपद्रवी निघाले. मन चिडलेले आणि आधीचे अभिप्राय कुत्सित असता शेकडा ६८! ही सारी तुमच्या-आमच्यासारखीच माणसे होती.

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, तो हा असा. या मांडवाच्या दाराशी श्रोत्याचे नाव कोणी विचारीत नाही. तरी येथे अपशब्द सहसा ऐकू येत नाही. कारण येथे अध्यक्ष आहेत, वेळेचे बंधन आहे आणि सभेची रीत जाणणारे जुने श्रोते आहेत. तेव्हा केवळ मुखवटे ओढून काढल्याने भागणार नाही. पहिला कुत्सित शब्द उमटताच त्याला आवरणारे कोणी आहे काय, हे आपण आधी पाहिले पाहिजे.