ओघळ आणि दरड : सीमा-प्रतिबलाच्या कल्पनेचा इतिहास

पिंपरी-आकुर्डीच्या परिसरात १९६० च्या दशकात वाहननिर्मितीचे मोठे कारखाने उभे राहिले आणि पुढे हा उद्योग चाकणपर्यंत पसरला. तेथील रंगविभागांस एक साधा प्रश्न रोजच सोडवावा लागतो. उभ्या पत्र्यावर फवारलेला ओला रंग सारखा पसरावा, पण त्याचे ओघळ येऊ नयेत. चाकणच्या वायव्येस, सरळ रेषेने सुमारे ५० किलोमीटरांवर, आंबेगाव तालुक्यातील माळीण येथे ३० जुलै २०१४ रोजी सकाळी अतिवृष्टीने डोंगराचा उतार गावठाणावर कोसळला व दीडशेवर माणसे मृत्युमुखी पडली. या दोन गोष्टी एका परिच्छेदात मांडणे कोणास अनुचित वाटेल. परंतु भौतिकीने त्या एकाच सूत्रात बसविल्या आहेत. ते सूत्र कोठून आले व दरडीच्या बाबतीत ते कोठवर पुरते, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

काकवी कितीही दाट असली तरी कलत्या ताटलीत हळूहळू उतरतेच. श्रीखंड मात्र जेथे वाढले तेथेच राहते. न्यूटनप्रणीत द्रवास कितीही अल्प प्रतिबल पुरते, त्याची श्यानता केवळ वेग ठरविते. श्रीखंडासारख्या पदार्थास विशिष्ट मर्यादेपलीकडचे प्रतिबल मिळाल्याखेरीज प्रवाह सुरूच होत नाही. या मर्यादेस आपण सीमा-प्रतिबल म्हणू. जिलेटिनच्या विरल द्रावणात असा धर्म आढळतो हे रशियातील श्वेदोव्ह याने १८९० च्या सुमारासच नोंदविले होते. पण या कल्पनेला शास्त्रीय प्रतिष्ठा मिळाली ती अमेरिकेतील युजीन बिंगहॅम याच्यामुळे. त्याने १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात चिकणमातीचे पाणी बारीक नळ्यांतून वाहवून पाहिले होते. दाब आणि प्रवाह यांचा आलेख मागे वाढविला असता तो आरंभबिंदूतून जात नाही, हे त्याचे निरीक्षण होय. १९१९ साली हेन्री ग्रीनसमवेत लिहिलेल्या निबंधात त्याने रंग हा श्यान द्रव नसून आकार्य पदार्थ आहे, असे प्रतिपादन केले. आजचे दरडशास्त्र ज्या प्रतिमानाचा आधार घेते ते असे रंगाच्या डब्यात वाढले आहे.

उतारावरील थराच्या तळाशी येणारे प्रतिबल म्हणजे घनता, गुरुत्वत्वरण, थराची जाडी आणि उताराच्या कोनाची ज्या यांचा गुणाकार. हा गुणाकार सीमा-प्रतिबलाहून कमी असेल तर थर स्थिर राहतो. पाण्याच्या १·३ पट घनतेचा, एक दशांश मिलिमीटर जाडीचा रंगाचा थर उभ्या पत्र्यावर टिकावयाचा तर सुमारे १·३ पास्कल पुरतात. आता चिखल घेऊ. त्याची घनता पाण्याच्या १·८ पट व सीमा-प्रतिबल १,५०० पास्कल मानले, तर ३० अंशांच्या उतारावर त्याचा फार तर १७ सेंटिमीटरांचा थर तग धरील; ५ अंशांच्या उतारावर तोच चिखल जवळजवळ एक मीटर जाडीने साचून राहील. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत, पण त्यांतून निघणारी गोष्ट गंभीर आहे. वेगाचा जोर ओसरल्यावर चिखल साचतो तो जेथे उतार सौम्य होतो तेथे, आणि डोंगरकपारीत घर बांधणारा माणूसही तीच सौम्य जागा शोधतो.

आर्विड जॉन्सनच्या १९७० च्या ग्रंथाने हे प्रतिमान चिखलधोंड्यांच्या लोटांस लावले. थांबलेल्या लोटाच्या कडेची उंची मोजून त्यावरून सीमा-प्रतिबल काढावे, ही युक्ती मोहक होती. माळीणला मात्र मृतदेह काढण्यासाठी ढिगारा उपसणे हेच पहिले कर्तव्य होते. जेथे उपसा झाला तेथे अशा कडाही गेल्या.

पुढे शंका उपस्थित झाल्या. बार्न्स आणि वॉल्टर्स यांनी १९८५ साली सीमा-प्रतिबल हे मिथक तर नव्हे ना, असा प्रश्न विचारला. पुरेशा सूक्ष्मतेने मोजल्यास सारेच थोडे वाहते, असा त्यांचा दावा होता. रंगाच्या किंवा चिखलाच्या व्यवहारात या आक्षेपाने फारसे बिघडत नाही, असे माझे मत आहे. १९९७ साली रिचर्ड आयव्हरसनने घेतलेला आक्षेप अधिक खोल आहे. लोटाच्या अग्रभागी धोंडे एकमेकांवर घासत असतात, मागे पाण्याने भरलेला पातळ राडा असतो. एकाच लोटाला एकच सीमा-प्रतिबल कसे लावणार?

शिवाय थांबलेल्या चिखलावरून काढलेला आकडा चिखल का थांबला एवढेच सांगतो. तो सुटण्यापूर्वी उतारावरची माती वेगळ्याच अवस्थेत असते. त्या अवस्थेचा विचार दुसऱ्या परंपरेने केला. कुलोमने १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात मातीचे बळ आसंजन व घर्षण असे विभागले, आणि टेर्झागीने १९२० च्या दशकात दाखविले की छिद्रांतील पाण्याचा दाब वाढला की कणांवरचा परिणामी भार व त्याबरोबर घर्षण घटते. पाऊस चिखल पातळ करतो ही समजूत अपुरी आहे. पावसाचे पाणी आधी मातीचा भार स्वतः पेलू लागते.

माळीणनंतर भातखाचरांसाठी पडकई योजनेखाली झालेल्या सपाटीकरणास काहींनी दोष दिला, तर इतरांनी त्याचा प्रतिवाद केला. सपाटीकरणाने पाण्याचा निचरा बदलला की नाही, आणि खडकावरच्या मातीत पाणी किती दिवस कोंडून राहिले, हा त्या वादाचा गाभा आहे. तेथे बिंगहॅमच्या सूत्राचा उपयोग नाही. प्रश्न कुलोम व टेर्झागी यांच्या बाजूचा आहे.