ट्रेडमिल, कंपोस्ट आणि पळत येणारा पेपरवाला

आजचा भाग तुम्ही जिममध्ये ट्रेडमिलवर पळता पळता ऐकत असाल, तर आधीच सॉरी म्हणून ठेवतो. कारण गोष्ट तुमच्या पायाखालच्या पट्ट्यापासूनच सुरू होते.

साल १८१८. विल्यम क्युबिट नावाचा इंग्लिश इंजिनिअर. बरी सेंट एडमंड्स गावच्या तुरुंगात कैदी नुसते बसून असतात, हे त्याच्या डोळ्यांवर आलं. मग त्याने एक भलंमोठं आडवं चाक बनवलं, त्याला पायऱ्या. कैद्याने वरचा दांडा धरायचा आणि चढत राहायचं. चाक फिरतं, पायरी खाली जाते, माणूस तिथल्या तिथेच. १८२१ मध्ये लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात असं चाक बसलं आणि मग ही टूम देशभर पसरली. काही ठिकाणी त्यावर धान्य दळत, पाणी उपसत. पण बऱ्याच ठिकाणी चाकाला काहीच जोडलेलं नसे. कैदी त्याला ‘वारा दळणं’ म्हणायचे. एकमेकांशी बोलता येऊ नये म्हणून मध्ये फळ्याही ठोकलेल्या असत. १८९५ मध्ये शिक्षा झाल्यावर ऑस्कर वाइल्डलाही हे चाक चढावं लागलं. आपल्याला अंदमानचा कोलू आठवतो. पण तिथे निदान तेल तरी निघायचं. इथे घाम सोडून काहीच नाही.

१८९८ च्या तुरुंग कायद्यानंतर ही चाकं बंद होत गेली. आणि विसाव्या शतकात तीच कल्पना डॉक्टरांच्या तपासणीखोलीत आली, तिथून लोकांच्या घरात आणि जिममध्ये. या वेळी मात्र आपण महिन्याचे पैसे भरून चढायला लागलो. फळ्यांच्या जागी हेडफोन आले. (हो, त्यात मीच बोलतोय, मान्य.)

पण व्यायाम करायला पाहिजे हे कळलं कसं? त्याचा एक मोठा पुरावा लंडनच्या डबलडेकर बसमध्ये सापडला. डॉ. जेरी मॉरिस यांनी ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. बस तीच, रस्ते तेच, पण एक दिवसभर बसून आणि दुसरा तिकिटं फाडत वरखाली जिने चढतोय. १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: कंडक्टरांना हृदयविकार कमी. मुंबईच्या डबलडेकरमध्ये बसलेल्यांना हा जिना डोळ्यांसमोर येईल. माझ्या मते यातली खरी गंमत वेगळी आहे. तो कंडक्टर व्यायाम करत नव्हताच, तो काम करत होता.

आता बागेकडे वळू. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये ‘डिग फॉर व्हिक्टरी’ मोहीम निघाली. मिळेल त्या जमिनीवर भाजी लावा! टॉवर ऑफ लंडनच्या खंदकातसुद्धा वाफे पडले. त्याच्या पलीकडे पूर्व लंडनमधलं बेथनल ग्रीन. कामगारांची दाट वस्ती, जर्मन बॉम्बनी उद्ध्वस्त केलेली. तिथल्या लोकांनी पडलेल्या घरांच्या जागेवरचा राडारोडा उपसला, माती आणली आणि भाज्या पिकवल्या. हा सगळा भाग १९६५ पासून टॉवर हॅम्लेट्स नावाच्या विभागात मोडतो. हे नाव लक्षात ठेवा, आपण तिथेच परत येणार आहोत.

युद्ध संपलं आणि बरेच वाफेही गेले. पण हात मातीत घालायची हौस टिकली. १९५९ मध्ये सरे परगण्यातल्या बॉक्स हिलवर स्वयंसेवकांच्या एका तुकडीने झुडपं तोडून गवताळ टेकडी मोकळी केली. त्यातून पुढे मोठी संस्था उभी राहिली. १९९० च्या दशकाच्या शेवटी डॉ. विल्यम बर्ड या गावातल्या डॉक्टरांनी तिच्यासोबत ‘ग्रीन जिम’ सुरू केली, ऑक्सफर्डशायरमधल्या सॉनिंग कॉमन गावी. आधी वॉर्मअप, मग कुदळ-फावडं, मध्ये चहा, शेवटी कूलडाउन. पेशंटला नुसतं ‘जिमला जा’ सांगून उपयोग नाही, तो जात नाही, हे फॅमिली डॉक्टरइतकं कोणाला माहीत असणार?

आणि आता टॉवर हॅम्लेट्स. आयव्हो गॉर्मली हा डॉक्युमेंटरी बनवणारा तरुण. जिमचा त्याला कंटाळा. इतक्या लोकांची इतकी ताकद यंत्रांवर वाया जाते, हे त्याला खटकायचं. ओळखीतले एक वयस्कर गृहस्थ घराबाहेर फारसे पडू शकत नव्हते. हा पळत त्यांच्याकडे जायचा, पेपर द्यायचा, दोन शब्द बोलायचा आणि पळत परत. कोणीतरी वाट बघतंय म्हटल्यावर पाऊस असला तरी बूट चढवावेच लागतात. यातून २००९ च्या सुमारास ‘गुडजिम’ उभी राहिली.

त्यांची संध्याकाळ साधारण अशी असते. ऑफिस सुटल्यावर जमायचं, काही किलोमीटर पळत एखाद्या सामुदायिक बागेत जायचं. तिथे कंपोस्टचा ढीग वाट बघत असतो. कोणी एकचाकी गाडी ढकलतं, कोणी तण उपटतं, कोणी काटेरी झुडपांशी झटापट करतं. मग मातीने माखलेले बूट घेऊन पळत परत. बाग चालवणाऱ्या दोन-चार म्हाताऱ्या माणसांना जे काम आठवडाभर पुरलं असतं, ते वीस जण तासाभरात उरकतात. याशिवाय एकट्या राहणाऱ्या वृद्धांना नियमित भेटायला जाणं आहेच. तिथे त्या आजी-आजोबांना ‘कोच’ म्हणतात, आणि हा शब्द मला फार आवडला. मदत घेणारा म्हणून ओशाळं व्हायला नको. तुम्ही त्यांच्यामुळे पळताय ना, मग तेच तुमचे कोच.

लंडननंतर ब्रिस्टल, लिव्हरपूल असं करत हे ५० हून जास्त ठिकाणी पोचलं.

आता खटकणारी बाजू. हे सगळं वाढलं त्याच काळात, २०१० नंतर, ब्रिटिश सरकारने स्थानिक पालिकांचे पैसे कापले. बागांचे माळी कमी झाले. पंतप्रधान कॅमेरून ‘बिग सोसायटी’ म्हणत होते, म्हणजे लोकांनीच पुढे यावं. मग प्रश्न येतोच: पगारी माळ्याचं काम फुकट पळणाऱ्यांनी करायचं का? श्रमदान म्हटलं की आपल्याकडेही हा प्रश्न कोणीतरी विचारतंच, आणि तो विचारणारा चुकीचा नसतो. मला वाटतं, ढीग हलवणं वेगळं आणि बारा महिने बाग सांभाळणं वेगळं. दुसऱ्याला माळीच लागतो. पण एकट्या माणसाच्या दारावरची थाप ही मला वेगळी गोष्ट वाटते.

२०२० मध्ये कोविड आला आणि घोळक्याने पळणं बंद झालं. बागाही थांबल्या. तेव्हा हेच लोक एकेकटे निघाले, पाठीवरच्या सॅकमध्ये केमिस्टकडून घेतलेली औषधं. दारात पिशवी ठेवायची, बेल दाबायची, चार पावलं मागे सरकायचं आणि आतून कोणी येईपर्यंत थांबायचं.