बाजारातील पिशवीचा इतिहास आणि पुनर्वापराचा पर्यावरणीय हिशेब

प्रस्तावना

बाजाराला जाताना घरातून पिशवी नेणे ही महाराष्ट्रातील जुनी रीत. ती मधल्या काळात मागे पडली आणि पुढे पर्यावरणरक्षणाच्या भूमिकेतून पुन्हा सांगितली जाऊ लागली. परिसंवाद व सत्कारसमारंभांत पाहुण्यांना कापडी पिशवी भेट देण्याची प्रथाही त्यातूनच रूढ झाली. मात्र 'कापडी ती पर्यावरणपूरक आणि प्लास्टिकची ती घातक' हे समीकरण मोजमापाच्या कसोटीवर पूर्णतः टिकत नाही. पिशवी कशाची बनली आहे, याइतकेच ती किती वेळा वापरली जाते यालाही महत्त्व आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

प्लास्टिकपूर्व व्यवहार

प्लास्टिकच्या पिशव्या येण्यापूर्वी किराणा मालाची पुडी वर्तमानपत्राच्या कागदात बांधली जाई, तेलासाठी घरून बरणी नेली जाई आणि धान्य तागाच्या पोत्यातून येई. भाजीची पिशवी बहुधा जुन्या विजारीची किंवा जीर्ण लुगड्याची शिवलेली असे. म्हणजे पिशवीसाठी नव्याने कापूस पिकवला जात नव्हता. जे कापड अंगावरून उतरले त्याचेच आयुष्य वाढवले जाई. या रीतीचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. तिच्या मुळाशी टंचाई होती आणि शिवणकामाचे श्रम प्रामुख्याने घरातील स्त्रियांच्या वाट्याला येत. तथापि परिणामाच्या दृष्टीने ती अत्यंत काटकसरीची व्यवस्था होती.

आज परिचित असलेल्या हातकड्यांच्या प्लास्टिक पिशवीचे पेटंट १९६५ मध्ये स्वीडनमधील सेलोप्लास्ट कंपनीला मिळाले. स्टेन गुस्टाफ थुलिन हे तिचे संशोधक. हलकी, जलरोधक आणि स्वस्त असल्याने पुढील काही दशकांत ही पिशवी जगभर पसरली. ग्राहकाला ती फुकट मिळू लागली आणि घरून पिशवी नेण्याची गरज उरली नाही.

कायद्याने निवडलेले परिमाण : जाडी

बांगलादेशाने २००२ मध्ये पातळ प्लास्टिक पिशव्यांवर बंदी घातली. तुंबलेली गटारे आणि त्यामुळे वाढणारी पूरस्थिती हे त्यामागील प्रमुख कारण होते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतर नाले तुंबण्याच्या कारणांत प्लास्टिक पिशव्यांची गणना झाली आणि २००६ मध्ये महाराष्ट्राने ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांना मनाई केली. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने ही बंदी अधिक व्यापक झाली.

केंद्र सरकारच्या नियमांतील किमान जाडीही क्रमाने वाढत गेली : १९९९ मध्ये २० मायक्रॉन, २०११ मध्ये ४०, २०१६ मध्ये ५०, सप्टेंबर २०२१ पासून ७५ आणि डिसेंबर २०२२ अखेरपासून १२० मायक्रॉन. जाड पिशवी कचरावेचकांना गोळा करणे परवडते आणि ग्राहकही ती पुन्हा वापरतो, असा यामागील विचार होता. पण त्याच आकाराची पिशवी सहापट जाड झाली, तर तिला लागणारे प्लास्टिकही सुमारे सहापट होते. ती एकदाच वापरून फेकली गेल्यास नियमाचा हेतूच उलटतो.

कॅलिफोर्नियाचा अनुभव या संदर्भात उद्बोधक आहे. तेथे २०१४ च्या आणि २०१६ मध्ये जनमताने कायम झालेल्या कायद्याने पातळ पिशव्या बंद केल्या. मात्र किमान १२५ वेळा वापरता येतील अशा जाड प्लास्टिक पिशव्यांना मुभा दिली. प्रत्यक्षात अनेक ग्राहकांनी त्याही एकदाच वापरल्या. अखेर २०२४ मध्ये नवा कायदा करून १ जानेवारी २०२६ पासून ही मुभा काढून घेण्याचे ठरले.

कापडी पिशवीचा हिशेब

इंग्लंड व वेल्समधील एन्व्हायर्नमेंट एजन्सीने २०११ मध्ये पिशव्यांच्या संपूर्ण जीवनचक्राचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकदाच वापरलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीशी हवामानबदलाच्या निकषावर बरोबरी साधण्यासाठी कागदी पिशवी ३ वेळा, न विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनची ११ वेळा आणि सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते, असा त्याचा निष्कर्ष होता. डेन्मार्कच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या २०१८ च्या अहवालात सुती पिशवीसाठी हवामानाच्या निकषावर ५२, तर सर्व निकष धरून सुमारे ७१०० वापर सांगितले आहेत. हा मोठा आकडा मुख्यतः ओझोन थराच्या हानीच्या एका निकषातून येतो. कापसाची लागवड, सिंचन, खते आणि कापडाची प्रक्रिया यांचा भार सुती पिशवीवर पडतो, हे यामागील वास्तव आहे.

या आकड्यांचा अर्थ लावताना दोन मर्यादा ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली म्हणजे उघड्यावर पडलेल्या प्लास्टिकमुळे नाले, गुरे आणि समुद्र यांची होणारी हानी या गणितात धरलेली नाही. मुंबईसारख्या शहरात ती गौण मानता येणार नाही. दुसरी म्हणजे हे हिशेब नव्या कापडाचे आहेत. जुन्या वस्त्रातून शिवलेल्या पिशवीला कापसाच्या लागवडीचा नवा भार लागू होत नाही. शिवाय रोज भाजीसाठी नेलेली सुती पिशवी १३१ वापरांचा टप्पा साडेचार महिन्यांतच गाठते. कपाटात पडून राहिलेली भेटवस्तू तो कधीच गाठत नाही.

समारोप

पुनर्वापराच्या पिशवीचे लाभ खरे आहेत, पण ते सशर्त आहेत. कायद्याने जाडी मोजली, कारण ती प्रयोगशाळेत मोजता येते. वापर किती वेळा झाला, हे मोजणे कोणत्याही निरीक्षकाला शक्य नाही. ते घराच्या सवयीवर अवलंबून असते. म्हणून प्रत्येक कार्यक्रमात नव्या कापडी पिशव्या वाटण्याऐवजी असलेल्याच पिशव्या फाटेपर्यंत वापरणे आणि गरज पडल्यास जुन्या कापडातून नवी शिवणे, हा मार्ग अधिक सयुक्तिक ठरतो. मात्र पूर्वी टंचाईमुळे घडलेला हा व्यवहार आता जाणीवपूर्वक स्वीकारावा लागेल आणि त्याचे श्रम घरातील सर्वांनी वाटून घ्यावे लागतील.