प्रतीक्षायादी : अमेरिकन महाविद्यालयीन प्रवेशपद्धतीतील एक उपेक्षित प्रकरण

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील महाविद्यालयीन प्रवेशाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा परीक्षांकडे व निवडीच्या निकषांकडे जाते. प्रतीक्षायादी ही केवळ कारकुनी बाब म्हणून बाजूस राहते. वस्तुतः प्रवेशव्यवहारातील अनिश्चिततेचा भार कोणी वाहावयाचा, हा प्रश्न ह्या यादीत जितका उघड दिसतो तितका क्वचितच अन्यत्र दिसेल.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशा यादीची फारशी गरज नव्हती. नेमलेल्या विषयांत उत्तीर्ण होणाऱ्यास बहुतेक महाविद्यालयांत जागा मिळे. १९०० साली कॉलेज एन्ट्रन्स एक्झॅमिनेशन बोर्ड स्थापन झाले ते परीक्षांत एकसूत्रता आणण्यासाठी. जागांची टंचाई हे त्याचे कारण नव्हे. पहिल्या महायुद्धानंतर चित्र पालटले. डार्टमथने १९२१ मध्ये निवडक प्रवेशाची पद्धती स्वीकारली. कोलंबिया व हार्वर्ड येथे त्याच सुमारास जी बंधने आली त्यांच्यामागे ज्यू विद्यार्थ्यांची संख्या रोखण्याचा हेतू होता, हे आता सर्वमान्य आहे. १९४४ च्या माजी सैनिकांसंबंधीच्या कायद्याने सुमारे बावीस लाख माणसे उच्च शिक्षणाकडे वळली. पुढे एकाच विद्यार्थ्याने अनेक ठिकाणी अर्ज करण्याची प्रथा रूढ झाली आणि खरी अडचण येथूनच सुरू झाली.

ती अडचण आकड्यांनी स्पष्ट होईल. समजा, एखाद्या महाविद्यालयात १००० जागा आहेत आणि पूर्वानुभवावरून बोलावलेल्यांपैकी शेकडा ४० येतात असा अंदाज आहे. ते २५०० जणांस प्रवेश देऊ करील. प्रत्यक्षात शेकडा ३६ च आले, तर शंभर जागा रिकाम्या राहतात. शेकडा ४४ आले, तर वसतिगृहात शंभर मुलांना खाटा मिळत नाहीत. म्हणून शहाणे महाविद्यालय हात आखडता घेऊन थोड्यांनाच बोलावते व उरलेली तूट भरून काढण्यासाठी काही अर्जदारांना ताटकळत ठेवते. अंदाज चुकण्याचा धोका संस्थेचा. त्याची किंमत मात्र विद्यार्थी मोजतो.

ह्या दुखण्याचे नेमके निदान १९६२ साली झाले आणि तेही गणितज्ञांकडून. ब्राऊन विद्यापीठातील डेव्हिड गेल आणि रँड कॉर्पोरेशनमधील लॉइड शॅप्ली ह्यांनी 'अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली' ह्या नियतकालिकात महाविद्यालयीन प्रवेश व विवाहांचे स्थैर्य ह्या विषयावर एक छोटेखानी निबंध प्रसिद्ध केला. एका महाविद्यालयात प्रवेश मिळालेला, परंतु अधिक पसंतीच्या दुसऱ्याच्या प्रतीक्षायादीवर असलेला विद्यार्थी काय करील? पहिले पदरात पाडून घेऊन दुसरीकडून बोलावणे येताच शब्द मोडणे नीतीस धरून होईल काय? हे प्रश्न त्यांनी आरंभीच मांडले आहेत.

त्यांचा उपाय असा. प्रत्येक विद्यार्थी आपल्या पहिल्या पसंतीकडे अर्ज करतो. महाविद्यालय आपल्या जागांइतकेच उत्तम अर्जदार यादीवर ठेवते, बाकीच्यांस नाकारते. नाकारलेले आपल्या पुढील पसंतीकडे जातात. महाविद्यालय जुन्या व नव्या अर्जदारांची पुन्हा तुलना करते. कोणी नाकारला जाण्याचे थांबले की याद्या कायम होतात. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. गेल व शॅप्ली ह्यांनी ह्या तात्पुरत्या यादीसही प्रतीक्षायादी हेच नाव दिले. पण व्यवहारात ह्या यादीवर रेषेखालचे विद्यार्थी असतात, तर त्यांच्या रचनेत रेषेवरचे. शब्द तोच राहिला, अर्थ मात्र उलटला. निर्णय लांबणीवर पडतो तो सर्वांचाच, केवळ दुर्बळांचा नव्हे.

वैद्यकीय पदवीधरांच्या रुग्णालयीन नेमणुकांत १९५२ पासून जवळजवळ अशीच पद्धती चालू होती, हे ॲल्विन रॉथ ह्यांनी १९८४ मध्ये दाखविले. शॅप्ली व रॉथ ह्यांना २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले; गेल २००८ मध्येच निवर्तले होते. महाविद्यालयांनी मात्र हा मार्ग पत्करला नाही. भारतात २०१५ पासून आय. आय. टी. व एन. आय. टी. संस्थांचे संयुक्त जागावाटप ह्याच तत्त्वावर होते, कारण तेथे गुणानुक्रम आधीच जाहीर असतो. अमेरिकन प्रवेशाधिकारी निबंध, शिफारस, क्रीडानैपुण्य असे सारेच तोलून पाहतो आणि आपले स्वातंत्र्य यंत्राच्या स्वाधीन करण्यास तो राजी नसतो.

तेव्हा जुनीच रीत चालू राहिली. मार्चअखेर पत्र येते. यादीवर राहण्याची इच्छा असल्यास विद्यार्थ्याने तसे कळवावयाचे. १ मे पर्यंत अन्यत्र अनामत भरून जागा राखावयाची, कारण प्रतीक्षायादीचा भरवसा नाही. पुष्कळ ठिकाणी यादीस क्रमच नसतो. रिकाम्या जागेस कोणता अर्जदार शोभेल हे त्या वेळी ठरते. बोलावणे आले तर उत्तरास थोडेच दिवस मिळतात आणि आधीची अनामत बहुधा बुडते. तोवर आर्थिक साहाय्याची रक्कमही बरीचशी वाटून झालेली असते. काही महाविद्यालये ह्या टप्प्यावर अर्जदाराची ऐपत विचारात घेतात. माझ्या मते ह्या पद्धतीतील सर्वांत मोठा अन्याय येथे आहे, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. शिवाय एक विद्यार्थी वर सरकला की खालच्या महाविद्यालयात जागा रिकामी होते, तेथून पुढच्या. ही साखळी उन्हाळाभर हलत राहते.

१ मे नंतर दुसऱ्याच्या विद्यार्थ्यास वळवून घेऊ नये, असा नियम प्रवेश-सल्लागारांच्या राष्ट्रीय संघटनेच्या आचारसंहितेत होता. स्पर्धेस तो बाधक आहे, असा आक्षेप केंद्रीय न्यायखात्याने घेतल्यावर सप्टेंबर २०१९ मध्ये संघटनेने तो काढून टाकला. पुढच्याच वर्षी महामारी आली, अंदाज कोलमडले आणि प्रतीक्षायाद्यांकडे धाव घेण्यावाचून अनेक संस्थांना गत्यंतर उरले नाही.